पडद्यावर ओरडलेली दुआ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि आता ती राहिलीही नाही. मुलीलाही नाही. कतारला, दोह्यातल्या द पर्ल नावाच्या वस्तीत, तिच्या फ्लॅटमध्ये मी हल्ली राहतो. तिच्या मैत्रिणी आल्या की ती कौतुकानं ओळख करून देते, "माझे बाबा, हॉलिवूडचे ॲक्टर." मी हसतो. त्या हसण्याचाच आता थकवा येतो.

ॲक्टर म्हणजे काय, तर पंधरा वर्षं मी अमेरिकन सिनेमांत मेलो. दाढी चिकटवायची, बंदूक धरायची, ओरडायचं, हीरोची गोळी खायची — खलास. मी नाशिकचा माणूस, तिकडे अरब म्हणून खपलो. नाव कुणाला आठवत नाही. चेहरा आठवतो, आणि ते एक वाक्य. सगळं त्या वाक्यामुळेच तर...

थांबा. आधी भाभींबद्दल सांगतो.

तरुणपणी मी इथेच ड्राफ्ट्समन होतो. शेजारी रत्नागिरीच्या हलीमाभाभी. मी एकटा म्हणून माझं जेवण त्यांच्याकडेच. सिनेमात नशीब काढायला अमेरिकेला निघालो तेव्हा म्हटलं, विमानाची भीती वाटते. त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रवासाची अरबी दुआ म्हटली — त्यांच्या आईनं शिकवलेली — आणि माझ्याकडून पाठ करून घेतली. मी हिंदू, मला कशाला, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

पुढे पहिला मोठा सिनेमा मिळाला. बॉम्बचं बटण दाबण्याआधी माझं पात्र अरबीत काहीतरी ओरडतं, एवढंच कागदावर होतं. दिग्दर्शक म्हणाला, तू गल्फमध्ये राहिलायस, बोल काहीतरी. मला काय येत होतं? यल्ला म्हणजे चल, शुक्रन म्हणजे आभार, असले सुटे शब्द. सलग अशी एकच गोष्ट येत होती. "येत नाही" म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण काम दुसऱ्याला गेलं असतं.

मी भाभींची दुआ ओरडलो आणि बटण दाबलं.

सेटवर टाळ्या पडल्या. तो शॉट जाहिरातीत झळकला. पुढच्या दिग्दर्शकांनी तेच मागितलं, मी तेच देत गेलो.

इथे परत आल्यावर भाभींनी एकदाच विचारलं. त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं.

"लेखकानं लिहून दिलं होतं, भाभी," मी म्हणालो. "आमच्या हातात काय असतं?"

"बरा झाला," त्या म्हणाल्या. "माज्या मनात भलताच आलता."

आणि मला — खरं सांगतो — हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती ना? ती फार उशिरा वाटली.

त्यांची मुलगी आता त्यांना विमानात दुआ मोठ्यानं म्हणू देत नाही. शेजारच्या सीटवरचे दचकून बघतात. भाभींनीच मला हे सांगितलं, साधंच, गुडघ्याचं दुखणं सांगावं तसं. त्या लोकांना दचकायला कुणी शिकवलं? मी एकट्यानं नाही. पण मीही शिकवलं.

गेल्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला नाशिकला निघालो होतो. जाण्याआधी भाभींना भेटलो. दारात त्यांनी नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला, ओठ हलले, आणि त्या थांबल्या.

"तू त्या लोकांत राहिलायस," त्या म्हणाल्या. "घरात मोठ्यान बोलला तर चालेल ना रे?"

मी "चालेल" म्हणालो आणि मान खाली घातली.