वैदेहीचं दूध

भरवेलीच्या खाण कॉलनीतल्या त्या क्वार्टरात मंजू आपल्याच लेकीला चोरून पाजायची. दुपारी सासूचा, विमलाबाईचा, डोळा लागला की न्हाणीत शिरायचं, कडी लावायची आणि पालथ्या बादलीवर बसायचं. वैदेही अडीच वर्षांची. इथं आवाज करायचा नाही, हे तिलाही कळलं होतं. मंजूला पाचवा महिना लागला होता. दूध आटत चाललं होतं, छाती इतकी हुळहुळी झाली होती की पोरीनं तोंड लावलं की मंजू पदराचा बोळा दातांत धरायची. पण पोर वरचं धड खात नव्हती. भाताचा घास जिभेनं बाहेर ढकलायची.

एका दुपारी दारावर थाप पडली.

"मंजू, उघड."

विमलाबाई ओरडली नाही. उंबऱ्यातच मटकन बसली. "पोटातल्याचा घास काहून हिले देऊन राह्यली वो? मागच्या साली एक गेलं, ते कमी झालं काय?"

मागच्या वर्षी तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं, आणि तेव्हाही वैदेही अंगावर पीत होती. दुधापायी गेलं, असं सासू म्हणे. अंथरुणाला पाठ टेकली की मंजूलाही तेच वाटे.

सासूनं कडुनिंबाचा पाला वाटून दिला. मंजूनं तो छातीला लावला. पोरीनं तोंड लावलं, थुंकली, रडली आणि रडत रडतच पुन्हा प्यायला लागली. शेवटी मंजूनंच ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढलं.

तिचा नवरा वीरेंद्र खाणीत कामाला, बोलणं मोजकंच. तो म्हणाला, "तिरोडीले सोडून देतो हिले, तुह्या मायपाशी. थोडे दिवस राह्यली तं आपोआप दूध तुटन." वैदेही मोटरसायकलवर पुढं बसून हात हलवत गेली. तिला वाटलं, फिरायला चाललो.

मग मायचा फोन आला. "बाई, पोरगी काईच घेत नाई. पानी बी ओकून टाकते. अंग तापलं. बोलत बी नाई वो, नुसती दाराकडे पाह्यते."

"तिले दे फोन."

फोनमध्ये नुसता श्वास ऐकू आला. मंजू "वैदू, वैदू" करत राहिली.

वीरेंद्र ड्यूटीवर होता. मंजूनं पिशवीत एक साडी कोंबली. विमलाबाई दारात आडवी आली. "या दिवसात बसचे धक्के? माह्या नातवाले मारतं काय?"

"आतमधलं बी माह्यंच आहे, आई. आन् तिकडची बी माह्यीच."

वाटेत कटंगीच्या अलीकडे पोट आवळून आलं. दगडासारखं घट्ट. दोन्ही हात पोटावर दाबून ती पुटपुटत राहिली, "राह्य रे बाबा, राह्य." बस थांबली. उतरावं, परत फिरावं, असं मनात येऊन गेलं. वैदेहीला तिथंच सोडून. ती जागेवरून उठली नाही.

मायच्या घरी पोर खाटेवर पडली होती, ओठ सुकलेले. आईला पाहून तिनं तोंड फिरवलं. मंजू शेजारी बसली, पोलकं सोडलं आणि वाट पाहत राहिली. बऱ्याच वेळानं वैदेही सरकत सरकत आली. तोंड लावलं. ओढत राहिली. काहीच येईना. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं.

"माय, आटलं वो!" मंजूनं हंबरडा फोडला. "हिच्यासाठी काईच राह्यलं नाई."

दवाखान्यात पोरीला सलाईन लागली. शेजारच्या खाटेवर मंजूला निजवून डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं. बाळ ठीक होतं. मंजूनं धीर करून मागच्या वर्षीचं विचारलं.

"दूध पिलाने से गिरा, ऐसा नहीं लगता मुझे," बाई म्हणाल्या. "आमतौर पर ऐसा होता नहीं. पर अब पेट कस रहा है, तो पिलाना बंद."

मंजू छताकडे बघत पडून राहिली. वर्षभर उरावर घेतलेलं ओझं बाईंनी एका वाक्यात उतरवलं होतं. पण जे द्यायला ती धावत आली होती, ते आता द्यायचं नव्हतं.

ती तिरोडीतच राहिली. आजी चमच्यानं पेज भरवायची. वैदेही आधी थुंकायची, मग गिळू लागली. झोपताना आईच्या पोलक्यात हात घालायची, आणि मंजू तो हात हळूच काढून आपल्या गालावर धरायची. हळूहळू पोरीनं मागणंच सोडलं.

मुलगा झाला. बारीक होता, पण रडला. वीरेंद्रबरोबर विमलाबाई आली, बाळाला उचलून म्हणाली, "पाह्य, तोडलं म्हनून वाचलं!" मंजूनं बाळाला परत मांडीवर घेतलं. त्या बाईशी आता काय वाद घालायचा?

दूध मात्र ओसंडून आलं. सगळे बाहेर गेले तशी मंजूनं वैदेहीला जवळ ओढलं. "ये, वैदू. घे."

पोरीनं तोंड लावलं, पण ओढायचं कसं तेच ती विसरली होती. तिनं जिभेनं चाटलं, दात लागले, तिला हसू आलं, आणि ती अंगणात पळाली.

मंजूचं पोलकं भिजत राहिलं. मग मांडीवरचं बाळ जागं होऊन रडू लागलं, तेव्हा तिनं डोळे पुसले आणि त्याला अंगाशी घेतलं.