साकोलीच्या बेसनाचा पंच

अन्न निरीक्षकाला कुणी जेवायला बोलवत नाही, किस्से ऐकायला मात्र सगळे बसवतात. नोकरी संपली तरी ते साचलेलेच आहेत. हसू येईल तिथे हसा, मला आता येत नाही.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटी मी भंडाऱ्याला रुजू झालो. सोबत श्रावण नावाचा शिपाई होता. जीप नव्हती, त्यामुळे धाड टाकायला आम्ही एसटीने जायचो! नमुन्याच्या बाटल्यांची पेटी टपावर, म्हणजे बातमी आमच्या आधी पोचायची. एकदा साकोलीला उतरलो तर किराण्याची सगळी दुकानं बंद. पानवाल्याला विचारलं, कोणी वारलं का? तो म्हणाला, "नाही सायेब, तुमी आले ना."

*

नमुन्याचे तीन भाग करून तीन कोरड्या बाटल्यांत सील करायचे, असा कायदा. बाटल्या वरून यायच्या. एका वर्षी आल्याच नाहीत. आठवण करून दिली तर उत्तर आलं, काटकसर करा. श्रावणने दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्या धुऊन आणल्या आणि आम्ही जवसाचं तेल भरून नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल आला, तेलाला खोकल्याच्या औषधाचा वास येतो. दुकानदार सुटला, मेमो मला मिळाला.

*

आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीत, म्हणजे भातखाचरात, लाखोळीचं बी फेकतात. ही डाळ रोज खाल्ली की पाय लुळे पडतात, म्हणून तिच्या विक्रीला बंदी. आसगावला एका बड्या शेतकऱ्याच्या ओसरीत पोती दिसली. मी नियम दाखवला. तो सुपारी कातरत म्हणाला, "इकतो कुठी सायेब? मजुरीत देतो."

विकणं गुन्हा होता, मजुराच्या पदरात घालणं नव्हता. परतताना मला त्याच्यापेक्षा कायदा लिहिणाऱ्याचा जास्त संताप आला.

*

साकोलीत एका शेठची बेसनाची गिरणी होती. चण्यात लाखोळी दळायचा आणि मजुरांना निम्मी मजुरी त्याच पिठात द्यायचा. नमुना घेतला, पण पंच मिळेना. शेजारचा शिंपी कसाबसा तयार झाला, दुसरा कोणी पुढे येईना.

तेवढ्यात फाटकाशी काठी टेकून बसलेला मारोती उठला. तो याच गिरणीत पोती वाहायचा. पाय अडखळायला लागले तसं शेठने त्याला काढलं होतं. मी बजावलं, शेठ डूख धरेल. "आता मले कायच्यातून काढतीन, सायेब?" म्हणत त्याने अंगठा पुढे केला.

*

मग आमच्या खात्याने भेसळीविरुद्ध सभा भरवली. बेसनाचा अहवाल तोवर आला होता, लाखोळी निघाली होती. सभेनंतर गरम भजी आली. वरिष्ठांनी दोनदा मागून खाल्ली. मी श्रावणला विचारलं, बेसन कुठलं? तो म्हणाला, "शेठनं फुकट पाठवलं, सायेब."

*

खटला उभा राहिला आणि शेठचा वकील तारखा घेत राहिला. मारोती आधी एका काठीवर आला, मग दोन काठ्यांवर, मग मेव्हण्याच्या बैलबंडीतून. शिंपी केव्हाच फिरला होता. आता सगळं मारोतीच्या साक्षीवर होतं.

त्या काळी कोर्ट भाड्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भरायचं. साक्षीच्या दिवशी मी वर होतो. पट्टेवाल्याने गॅलरीतून मारोतीचं नाव तीनदा पुकारलं. श्रावण खाली धावला. मारोती हातांवर जोर देत एकेक पायरी चढत होता. दोघं दारात पोचले तेव्हा साक्षीदार गैरहजर अशी नोंद होऊन पुढचं प्रकरण सुरू झालं होतं. मी बोलायला उठलो, तर मला खाली बसवलं. पुढे शेठ पुराव्याअभावी सुटला.

त्या दिवशी शेठ मारोतीला वळसा घालून जिना उतरला. मारोती वरच्या पायरीवरच बसून होता. मी जवळ गेलो तसा माझा हात धरून म्हणाला,

"सायेब, मी आलो होतो. तेवढं तं लिवून घ्या."