दुखेल असं सांगणारी वहिनी

चिरनेरला एका हळदीत मी माईकवर होतो. नवरदेवाच्या मामाची नक्कल ऐन रंगात आली होती, खुद्द मामा पुढच्या रांगेत मांडीवर थापा मारत होते, आणि खिशातला फोन थरथरला. मी बघून गप्प झालो तसे मामा ओरडले, "आरं, थांबलास का?" फोनवर माझा मोठा भाऊ होता. दादा तसाही कमी बोलतो. तेव्हा फक्त "ये" म्हणाला. मी पनवेलला हॉस्पिटलात पोचेपर्यंत वहिनी गेली होती. दुपारी पोळ्या लाटता लाटता छातीत कळ आली, आणि संध्याकाळी सगळं संपलं...

त्याला आता काही आठवडे झाले, पण माझा राग उतरत नाही. भेटायला येणारा जो तो चहाचा कप खाली ठेवून उसासा टाकायचा, "सुटली हो बिचारी." कशातून सुटली? नाटक बघायला गेली होती का, की पडदा पडला आणि सुटली? या मंडळींना म्हणायचं असायचं ते ओमीबद्दल. ओमी म्हणजे दादा-वहिनीचा एकुलता एक मुलगा. ऑटिस्टिक आहे, आता चांगला बाप्या झालाय. पेपरात 'स्वमग्न' छापतात, तो शब्द वहिनीला मुळीच चालायचा नाही. "मग्न कसला, भाऊजी? त्याला तर आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं. ट्यूबलाइटसुद्धा ऐकू येते!"

पण खरा कहर केला आमच्या रोडपालीच्या आत्याने. वहिनीला घरी आणण्याआधीच ती ओमीला आपल्याकडे घेऊन गेली, त्याला आईचं तोंडही बघू दिलं नाही आणि वर सांगितलं, आई गावाला गेलीय, उद्या येईल. तो घरी परतला, सोबत आत्याही राहायला आली, आणि तेव्हापासून तो रोज सकाळी चपला घालून दारातल्या खुर्चीत बसायला लागला. "आई कधी?" "उद्या हं सोन्या." ओमीच्या लेखी उद्या म्हणजे उद्या. तो उजाडायचा, आई यायची नाही, आणि आत्या पुन्हा तोच उद्या त्याच्या हातावर ठेवायची, पेढ्यासारखा.

आणि हे कुणाच्या घरात? त्या बाईच्या, जिने ओमीशी खोटं बोलायला बंदी घातली होती! ती बंदी का आली, ते सांगतो.

ओमी लहान असताना त्याची दाढ किडली. पेस्टमधल्या पुदिन्याने त्याच्या तोंडाची आग व्हायची, त्यामुळे ब्रश म्हणजे रोजचं युद्ध. दाताच्या डॉक्टरकडे नेलं. नाव कशाला घेऊ? डोळ्यांवर तो प्रखर दिवा, रबरी हातमोज्यांचा वास, मशीनची किरकिर... पोरगं आधीच कानांवर हात दाबून बसलं होतं. डॉक्टर लाडात म्हणाले, "ये राजा, काही नाही करणार, फक्त बघणार." आणि वहिनीला बाहेर काढून, दादासकट सगळ्यांना हातपाय धरायला लावून दाढ उपटली. वर हसून म्हणाले, "बघा, झालं की नाही? लाडावलंय तुम्ही त्याला."

त्यानंतर ओमी कुणापुढे तोंड उघडेना. चमचा दिसला की ओठ मिटायचे. कुणी सहज "बघू रे" म्हटलं तरी भिंतीवर डोकं आपटायचा. दुसऱ्या एका बड्या डॉक्टरांनी उपाय सुचवला: पूर्ण भूल द्यायची आणि दात सगळेच काढून टाकायचे, म्हणजे पुढची कटकट नको. चांगले दातसुद्धा! वहिनी खुर्चीतून उठली. "कटकट कुणाची, डॉक्टर? तुमची की त्याची?" आणि ओमीचा हात धरून बाहेर पडली. मी मागे राहिलो आणि त्यांच्याच आवाजात त्यांच्या कंपाउंडरला म्हणालो, "पुढचा पेशंट! सगळे दात घेऊन या!"

घरी येऊन वहिनीने फर्मान काढलं. या घरात ओमीला 'काही नाही होणार' म्हणायचं नाही. काय होणार आहे ते सांगायचं. दुखणार असेल, तर दुखेल म्हणायचं. मग बैठकीच्या खोलीत तालमी सुरू झाल्या. आरामखुर्चीत ओमी, डोळ्यांना काळा चष्मा, अंगावर जड गोधडी. तिच्या वजनाखाली तो शांत व्हायचा. डॉक्टरच्या भूमिकेत अर्थातच मी. मी खोट्या मिशा लावून, खाकरत, पोट पुढे काढून प्रवेश केला. "भाऊजी, मिशा काढा. डॉक्टर व्हा, खलनायक नको." ओमी खुर्चीतून म्हणाला, "काका, बाहेर जा." वहिनी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. नव्याने प्रवेश करावा लागला, बिनमिशांचा.

मग भेटल्या डॉक्टर परवीन, जुन्या पनवेलातल्या. वहिनी ओमीला दुपारी, दवाखाना रिकामा असताना न्यायची. आधी नुसतं खुर्चीत बसणं, मग आरसा हातात घेणं, मग मशीनचा आवाज लांबून ऐकणं. ठरलं होतं की ओमीने हात वर केला की डॉक्टर थांबणार. तर एका दुपारी हा पठ्ठ्या नुसता हातच वर करत राहिला! त्या थांबायच्या, हा हात खाली घ्यायचा, आणि त्यांनी आरसा उचलला की पुन्हा वर. डॉक्टर वैतागल्या. "ताई, माझे बाकीचे पेशंट पण आहेत हो."

"खरंच थांबता का ते बघतोय तो," वहिनी म्हणाली. "गेल्या वेळी त्याला कुणी थांबवू दिलं नव्हतं."

पुढे दात भरायची वेळ आली. सुई हातात घेताना डॉक्टर सवयीने बोलून गेल्या, "काही नाही होणार हं, बेटा."

"डॉक्टर, होणार आहे. काय होणार, ते सांगा."

क्षणभर त्या ओशाळल्या, मग ओमीकडे वळल्या. "टोचेल. दुखेल. मग गाल जड होईल, आणि मग दुखायचं थांबेल." ओमीने घरून आणलेली गोधडी मुठीत धरली आणि तोंड उघडलं. वहिनी तेव्हा रडली नाही. घरी येऊन मला म्हणाली, "भाऊजी, माझ्या मुलाने आज माणसांवर विश्वास ठेवला. आता तो कुणी मोडला ना, तर मी त्याचे दात पाडीन."

म्हणून त्या सकाळी, ओमी पुन्हा चपला घालून दारात बसला आणि आत्याने पुन्हा "उद्या" म्हटलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. "आत्या, बस!" असा ओरडलो की शेजारचं दार उघडलं. आत्या म्हणाली, "अरे, त्याला काय कळतंय? आणि सहन व्हायचं नाही पोराला!" दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी ओमीसमोर जमिनीवर बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज काढून पोट भरलं. तेव्हा स्वतःचा आवाज सापडेना.

"ओमी, आई मेली. तिचं हृदय बंद पडलं. ती उद्या येणार नाही. कधीच येणार नाही."

त्याने माझ्या शर्टाच्या बटणाकडे पाहिलं. मग विचारलं, "दुखलं?"

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. आत्या मान हलवून 'नाही म्हण, नाही म्हण' सुचवत होती. मी दादाकडे पाहिलं. शेवटी तिच्याजवळ तोच होता.

"हो," दादा म्हणाला. "दुखलं. खूप दुखलं. मग थांबलं."

ओमी उठला. चपला काढून ठेवल्या, खुर्ची आत ओढली आणि दार स्वतः लावून घेतलं. मग आपल्या खोलीत गेला, आणि आतून जो आवाज आला तो मला कुठल्याच माईकवर काढता येणार नाही. आत्या म्हणाली, "बघितलंस? रडवलंस त्याला." हो, रडवलं. आई मेल्यावर रडायचा हक्क त्याचा होता, आणि आम्ही तो 'उद्या'वर टाकत होतो.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. दादा स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा होता. एका हाताने मिक्सरचं झाकण दाबून धरलेलं, पण बटण न दाबताच थांबलेला. माझा अबोल भाऊ दारापलीकडे बघून स्पष्ट, मोठ्याने म्हणाला, "ओमी, चटणी वाटतोय. आवाज होईल. मोठा होईल."

दादा थांबून राहिला.

"लाव," आतून ओमी म्हणाला.