खांद्यापर्यंत पाणी

माझे काका बुटके आहेत, ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. दिसते सगळ्यांना, पण माहीत कुणालाच नाही. मावशीचं त्यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा आजोबांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं म्हणे, की या विषयावर या घरात बोलणं होणार नाही. मावशी काकांपेक्षा चांगली वीतभर उंच. आजोबा गेले, त्यांचे बाकीचे नियमही त्यांच्यामागोमाग गेले, हा एक तेवढा टिकला. लग्नाच्या फोटोत मावशी खुर्चीत बसलीय आणि काका शेजारी उभे आहेत. नंतरच्या सगळ्या फोटोंतही मावशी बसलेलीच आहे. परक्या माणसाला वाटावं, बाईंना चक्कर येण्याचा आजार असणार.

काका शिंपी. कोट शिवण्यात हयात गेली. दुकानात काउंटरच्या मागे त्यांनी एक जाड फळी टाकून घेतली होती. तिच्यावर उभे राहिले की ते चारचौघांएवढे दिसत. उंच गिऱ्हाईक आलं की त्याला "बसा ना" म्हणत आणि खांद्याचं माप बसल्याजागी घेत. कोट तरीही अंगावर ओतल्यासारखा बसायचा. स्वतःचं माप मात्र त्यांनी कधीच घेतलं नाही. स्वतःचा नवा कोट जुन्या कोटावरून बेतायचे.

मावशी शाळेत खेळाची बाई होती. तिच्या हाकेला अख्खं मैदान थांबायचं. दुकान बंद झालं की दोघं फिरायला निघत. काका फुटपाथवरून आणि मावशी खाली रस्त्यावरून, फुटपाथला अगदी लागून. अशानं दोघांचे खांदे जवळपास एका रेषेत येत. काका दिवसभरातल्या गिऱ्हाइकांची नक्कल करत, मावशी हसे. एखाद्या बंगल्याच्या फाटकापाशी फुटपाथ तोडलेला असे. तिथं मावशी न बघता हात पुढे करी, काका तो धरून खाली उतरत, पलीकडे चढत आणि हात सोडून देत. बोलण्यात खंड पडत नसे. मागून कुणी हॉर्न वाजवला तर मावशी नुसती वळून बघायची. तो माणूस पुढच्या चौकापर्यंत हॉर्नला हात लावत नसे.

मग मावशीचे गुडघे गेले. फिरणं बंद झालं. ती मागच्या खिडकीपाशी खुर्चीत बसायला लागली आणि काका तिच्यासमोर स्टुलावर. दोघंही गप्प. मला ते घर आवडेनासं झालं.

डॉक्टर म्हणाले, "पाण्यात चाला. पाणी खांद्यापर्यंत हवं, म्हणजे अंगाचा भार गुडघ्यांवर येणार नाही. रोज चाललात तर चालत्या राहाल. नाहीतर पुढच्या वर्षी खुर्चीतून उठवायला माणूस लागेल." गावातल्या पोहण्याच्या तलावात मावशी एकदा जाऊन आली. तिथं उतरायला सरळसोट लोखंडी शिडी होती आणि वरून पोरं अंगावर उड्या मारत होती. घरी आल्यावर म्हणाली, पुन्हा नाव काढू नका.

काकांनी नाव काढलं नाही. त्यांनी दुकान विकलं आणि जाहीर केलं, की मागच्या अंगणात स्विमिंग पूल बांधायचा.

"मी उतरणार नाही," मावशी म्हणाली. "एकटीनं हौदात येरझारा घालायला मी काय म्हैस आहे?"

 काका तोवर पूल बांधणाऱ्याला फोन लावत होते.

या माणसाला आम्ही पूलवालाच म्हणायचो. त्याच्याकडे रंगीत चित्रांचा जाडजूड कॅटलॉग होता. गाडी माझ्याकडे आणि नाही म्हणायची सवय नाही, त्यामुळे दुकानांच्या वाऱ्या माझ्याच नशिबी आल्या. पूलवाल्यानं पहिल्याच दिवशी काजूच्या आकाराचा पूल दाखवला. त्यात कोपऱ्यात खोटे दगड, दगडांवरून धबधबा आणि तळाला जांभळे दिवे.

"हिला चालायचंय," काका म्हणाले. "वळणं कशाला? सरळ पट्टा काढा. लांब आणि अरुंद."

"धबधबा तरी ठेवा काका. शोभा येते."

"त्याचा आवाज होईल."

"आवाजासाठीच तर घेतात लोक!"

"आम्ही नाही घेत," काका म्हणाले आणि विषय संपला.

टाइल्सच्या दुकानात त्यांनी प्रत्येक टाइल कापडासारखी अंगठा आणि बोटात चोळून पाहिली. दुकानदार चकाकी दाखवत होता, काकांना उलटी बाजूही बघायची होती. शेवटी चार नमुने घरी आणले, न्हाणीघरात मांडले, त्यांच्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि अनवाणी उभे राहिले. तिसऱ्या नमुन्यावर ते घसरले आणि बादलीत बसले. तो नमुना बाद झाला. मावशी खुर्चीतून ओरडली, "काय पडलं?" काका म्हणाले, "टाइल."

पायऱ्यांना त्यांनी जास्त वेळ दिला. शिडी नकोच. रुंद, बसक्या पायऱ्या हव्यात आणि दोन्ही हातांना कठडा. कठड्याची जाडी ठरवायला मावशीच्या मुठीचं माप घेतलं. पाणी कोमट ठेवायला छपरावर सोलर पॅनल घेतलं, कारण गार पाण्यात तिचे सांधे आखडतात. शेजारच्या झाडाची पानं पडतात म्हणून गुंडाळता येणारं झाकण घेतलं आणि ते ओढून बघताना मला आत गुंडाळलं.

पंपाचं प्रकरण सगळ्यांत लांबलं. पूलवाला ताकद सांगायचा, काका ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "चालू करा." पंप सुरू झाला की ते त्याच्या शेजारी उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "आता हळू आवाजात काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. आज काय काय झालं ते."

मी चार दुकानांत चार पंपांशेजारी उभी राहून आज काय झालं ते सांगितलं. आज काहीच झालं नव्हतं, पंपच बघत होतो, तेच सांगितलं. जिथं माझं पुटपुटणं त्यांना नीट ऐकू आलं तो पंप घेतला. पूलवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, काकांना ऐकू कमी येतं का?" मी म्हटलं, नाही. एवढंच म्हटलं, कारण मलाही ठाऊक नव्हतं.

राहिली खोली. स्वयंपाकघराच्या दाराला मावशीला पाठ टेकून उभं केलं. काका स्टुलावर चढले आणि शिवणकामाच्या खडूनं तिच्या खांद्यापाशी रेघ मारली. "पाणी इथपर्यंत," ते पूलवाल्याला म्हणाले. मग खाली उतरले आणि स्टूल उचलायला दारासमोरून गेले. रेघ त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर होती.

ते मी पाहिलं, मावशीनंही पाहिलं. माझी आई तिथं होती, तिनं तर तोंडाला पदर लावला. काकांना पोहता येत नाही. पाण्याशी त्यांचा संबंध कापड भिजवून आटवण्यापुरता. कुणीतरी बोलायला हवं होतं. पण बोलायचं तर उंचीबद्दल बोलावं लागलं असतं, आणि आमच्या घरात तो विषयच नाही. आई म्हणाली, "चहा टाकते." पूलवाल्यानं रेघेचं माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी खोदायला माणसं आणली.

हौदाच्या भिंती उभ्या राहिल्या. टाइल्स लागायच्या होत्या. काका लाकडी शिडीवरून आत उतरले आणि ठोकून, चाचपून सगळं बघायला लागले. पूलवाल्यानं भिंतीवर निळ्या रंगानं पाण्याची पातळी आखली. आता तो बिचारा बाहेरचा माणूस. त्याला आमचे आजोबा कुठून माहीत असणार?

"काका, या रेघेपाशी उभे राहा बघू," तो म्हणाला. काका उभे राहिले. "अरेच्चा! तुमचं तर नाकसुद्धा पाण्यात जाणार की हो! अहो, बुटके आहात तुम्ही, आधी सांगायचंत ना!" आणि तो मनापासून हसला.

 एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो शब्द आमच्या घरात उच्चारला गेला होता, आणि तोही खड्ड्यात, त्यामुळे घुमला. काकांनी रेघेकडे बघितलं. मग म्हणाले, "रेघ सरळ आलीय."

खिडकीतून मावशीचा मैदानावरचा आवाज आला. "काम थांबवा!"

त्या संध्याकाळी मी तिथंच होते. मावशी म्हणाली, "मला आधीच कळलं होतं. वाटलं, तुम्हाला कळेल. त्या खड्ड्यात मी तुमच्याशिवाय उतरणार नाही."

"अगं, तू आत चाल. मी काठावरून चालतो."

"म्हणजे मी मान वर करून तुमच्याशी बोलू? गुडघे गेलेत तेवढे पुरेत, मान राहू द्या."

"मग पाणी कमी ठेवू."

"डॉक्टर काय म्हणाले?"

  काम बंद पडलं. सिमेंटची पोती अंगणात तशीच राहिली, पूलवाला रोज फोन करायचा आणि मीच काहीतरी थाप मारायची. मावशीला आता खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी टेबल धरावं लागत होतं. मला दोघांचाही राग आला होता. पूलवाल्याचा तर आलाच होता, आणि गेलेल्या आजोबांचाही थोडा.

मग एके दिवशी ऑफिसातून येताना मला काका दिसले. भर रस्त्यात, फुटपाथच्या कडेला उकिडवे बसून, गळ्यातली टेप काढून ते फुटपाथची उंची मोजत होते. लोक बाजूनं जात होते. मी गाडी थांबवून विचारलं, "काका, काही हरवलं का?"

"नाही," ते म्हणाले. "सापडलं."

दुसऱ्या दिवशी पूलवाल्याला बोलावणं गेलं. काकांनी सांगितलं, की पाण्याखाली, लांब भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत वीतभर उंचीचा ओटा बांधायचा. वर तीच टाइल.

"बसायला का?"

"नाही."

"मग?"

"डिझाइन आहे," काका म्हणाले. "आणि मधे एक खाच ठेवा. एका ढांगेएवढी."

"खाच कशाला? पाइप तिथून जात नाही. सलग करून देतो की."

"खाच हवी."

"पाय चुकला तर सरळ पाण्याखाली जाल हो! बरं, खाच ठेवतो, पण तिथं भिंतीला धरायला दांडा लावतो."

"दांडा नको."

पूलवाला माझ्याकडे वळला आणि माझ्याकडून काही मदत नाही हे बघून परत फिरला. त्यानं ओटा बांधला, खाच ठेवली आणि दांडा लावला नाही. आपण काय बांधलं हे त्याला कळलेलं नव्हतं. खाचेचं मलाही कळलं नव्हतं. वाटलं, म्हातारपणी माणूस हट्टी होतो तसं काहीतरी असेल.

पाणी भरलं त्या दिवशी पूलवाला सगळं नीट चालतंय ना हे बघायला आला होता. काकांनी स्वतःसाठी पोहण्याची चड्डी शिवली होती. गुडघ्यापर्यंत, आणि तिला पुढून मागून इस्त्रीची धार. वर बनियन. मावशी कठडा धरून एकेक पायरी उतरली. तळाला उभी राहिली तेव्हा पाणी बरोबर खांद्याला लागलं, केसभरही इकडेतिकडे नाही. तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. तिच्या चेहऱ्यावरची ती दुखण्याची आठी गेली. ती आठी तिथं आहे हेच मी विसरले होते.

मग काका उतरले. पायऱ्यांवरून भिंतीकडे सरकले आणि ओट्यावर उभे राहिले. पाणी त्यांच्याही खांद्याला. दोघांचे खांदे एका रेषेत.

"चला," मावशी म्हणाली.

ती चालायला लागली. पंप चालू होता आणि काकांचा हळू आवाज मला काठावर स्वच्छ ऐकू येत होता. आता दुकान नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ते पूलवाल्याची नक्कल करत होते. "धबधबा तरी ठेवा काका. शोभा येते." मावशी हसली. माझ्या शेजारी उभा असलेला पूलवालाही ऐकत होता. त्याचा चेहरा जरा उतरला.

चालत चालत ती खाचेपाशी आली. काका थांबले नाहीत, बोलायचेही थांबले नाहीत. मावशीनं समोर बघत बघतच त्यांच्याकडचा हात पुढे केला. काकांनी तो धरला, खाच ओलांडली आणि सोडून दिला.

मला रडू आलं. भर उन्हात, परक्या माणसाच्या शेजारी उभी राहून मी रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

पूलवाला घाबरला. हळूच म्हणाला, "ताई, ती खाच अजून बुजवता येईल. पाणी उपसावं लागेल, पण ते मी करीन. पैसे नकोत."

"नको," मी म्हटलं.

दोघं टोकाला पोचली होती. वळली आणि परत निघाली. येताना मावशीनं दुसरा हात पुढे केला, तोही न बघता.