पत्र्यामागची चूल

पूर्णा स्टेशनाबाहेर आमची एका खोलीची खानावळ होती. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. दारातून आत शिरलं की समोर माझी चूल, अन् तिच्याभोवती घोंगड्यांवर बसलेली रेल्वेची माणसं. भाकरी आरावर फुगली की मी ती थेट ज्याच्या त्याच्या ताटात टाकायची. सोबत येसराची, म्हंजे भाजक्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी न्हाईतर बेसन, अन् कांदा. एवढंच. तरी माणसं जेवून उठायची न्हाईत. गावाकडचं पीक, पोरीबाळींची लग्नं, सगळ्याचं तिथंच बोलणं व्हायचं. आमचं घर त्या खानावळीवरच चालायचं.

माझ्या नवऱ्याला मात्र त्या चुलीची लाज वाटायची. हैदराबादेत हॉटेलं बघून आलेला माणूस. गिऱ्हाइकांसमोर बायको फुंकणी घेऊन बसते, ही काय खानावळ म्हणायची, असं त्यांचं रोजचं पालुपद. एक दिवस त्यांनी खोलीत मधोमध पत्र्याचा आडोसा ठोकला, चूल मागं नेली, पुढं टेबलं-बाकडी मांडली. मी लय भांडले. उपयोग शून्य. आता मी मागं एकटीच थापत बसायची, अन् भाकऱ्या दुरडीत साठून पुढं जायच्या. ज्वारीचीच भाकरी ती, निवली की कडक.

हळूहळू बाकडी रिकामी पडायला लागली. मग ह्यांनी नवी टुमणी काढली. पुऱ्या करू, भजी ठेवू, आणखी भाज्या वाढवू. तेही जमलं न्हाई तर खानावळ मोडून जिंतूरकडं भावाच्या शेतावर राबायला जायचं, असं त्यांनी मला सांगून टाकलं. मला रडू आलं, अन् रडण्याहून राग जास्त आला. काय बिघडलं ते शोधत फिरायलेत, अन् काय धड चाललं होतं तिकडं ढुंकून बघायला तयार न्हाईत!

अशातच एका दुपारी आमचं एक जुनं गिऱ्हाईक, इंजिनात कोळसा टाकणारा गडी, ताट घेऊन सरळ पत्र्यामागं आला अन् चुलीपुढं मांडी घालून बसला. मी म्हटलं, दादा, हितं धूर हाय, पुढं बसा.

"वैनी, दिवसभर आगीपुढंच असतो मी," तो म्हणाला. "तरी तुमच्या चुलीपुढं बसल्याबिगर जेवल्यासारखं वाटत न्हाई."

पत्र्यापलीकडं हे उभेच होते. मी त्यांना आत बोलावलं. म्हटलं, "तुमी बी बसा. टेबलं आल्यापासून एकदा तरी गरम भाकरी खाल्ली का?"

ते चुलीपुढं बसले. तव्यावरची भाकरी मी आरावर फुगवून त्यांच्या हातात दिली. ह्या हातातून त्या हातात करत त्यांनी ती कोरडीच खाल्ली, अन् दुसरी मागितली. माझा सगळा राग तिथंच विरघळला.

दुसऱ्या दिवशी मी उठले ती ठोकाठोकीनं. हे पत्रा काढत होते. टेबलं अंगणात गेली. दोघांनी मिळून माती मळली अन् जुन्या जागी नवी चूल घातली.

चूल ओली होती. ती वाळेपर्यंत स्वयंपाक मागच्याच चुलीवर करावा लागणार होता. पण संध्याकाळी गाडीवरून सुटलेली माणसं आली तेव्हा हे दारातच उभे होते. विस्तव नसलेल्या त्या चुलीभोवती त्यांनी घोंगड्या अंथरल्या होत्या, अन् एकेकाला म्हणत होते, "हितं बसा, चुलीपाशी."