आमच्या मळ्यातली

बोरी गावापासून वायनरीपर्यंत रस्ता चढाचा. दर रविवारी सायकल दामटत तिथे पोचतो तेव्हा माझा भाता चाललेला असतो, आणि वाईन चाखायच्या खोलीतला तो माणूस बाटलीला हातसुद्धा लावत नाही. "दम खा सर, आदी पाणी प्या." मग घोटभर ओततो आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघतो. वाईन आवडली की नाही, हे मी बोलायच्या आत त्याला कळलेलं असतं. सायकलवाल्याला दुसरा घोट नाही, हा त्याचा कायदा.

परवा मात्र मी सायकल टेकवायच्या आतच तो ओरडला, "या या, लवकर या!" पाणीबिणी सगळं विसरला. "आमच्या घरच्या मळ्यातल्या द्राक्षाची हाय. पहिलीच! आज उघडली."

ग्लास माझ्या हातात दिला आणि चक्क पाठ फिरवून, आधीच लखलखीत असलेले ग्लास पुसत बसला.

मी घोट घेतला. आधी जिभेला चिमटा, मग मागून जांभळासारखी गोडी. वा!

"कसं लागायलंय?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

मी रिकामा ग्लास टेबलावर आपटला. "अजून ओता!"

तो गर्रकन वळला. तोंडभर हसला. "न्हाई. सायकल हाय तुमची."

मग एक नवी बाटली खांद्यावरच्या दस्तीत गुंडाळून त्याने माझ्या कॅरियरला बांधली. मी निघालो, तर कॅरियर धरून तो मागे पळायला लागला, सायकल शिकणाऱ्या पोरामागे बाप पळतो तसा. "खड्डा हाय सर, हळू, लय हळू!"

वळण गेलं, उतार लागला, तरी त्याला हात सोडवेना.