चिचमळ्याचं नाव

"नाव बांधलं काय?" हा भाऊंचा ठरलेला प्रश्न. संत्र्याची कलमं गिऱ्हाइकाच्या गाडीत चढायला लागली, की भाऊ वाकून दोन बोटांनी प्रत्येक रोपाला बांधलेली पिवळी चिठ्ठी चाचपणार. चिठ्ठीवर एकच शब्द, त्यांच्या नर्सरीचं नाव, 'चिचमळा'. रोपं दोनशे असली तर दोनशे वेळा वाकणार. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासोबत काम असलं की आपला चहा थंड होतो.

मंगरूळपीरहून आसेगावकडे जाताना आधी आमची नर्सरी लागते, मोठ्या कमानीची. भाऊंची तिच्या पुढे, चिंचेच्या झाडापाशी आत वळून. भाऊ मुळात आमच्याकडे कामाला होते. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करायला त्यांना माझ्या वडिलांनी शिकवलं. मलाही वडिलांनीच शिकवलं. पण वडील एकदा भाऊंच्या देखत मला म्हणाले, "त्यानं बांधलेला डोळा मरत नाही. तुया हाताले काहून घाई राह्यते कोण जाणे." वडील गेले, भाऊंनी स्वतःची नर्सरी काढली, मी कमान रंगवून घेतली, ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेलं नाही.

एकदा एक शेतकरी वाळलेली रोपं घेऊन भाऊंकडे आला. आठवडी बाजारात कुणीतरी 'चिचमळ्याची' म्हणून त्याला विकली होती. भाऊंनी मुळं पाहिली आणि आपली चांगली रोपं त्याला बदलून दिली. मी म्हटलं, "भाऊ, तुमची नाहीत तं बदलून कायले देता?"

"रोप माहं नाही, दादा. पण नाव तं माहं हाय."

त्याच आठवड्यात ते मला सोबत घेऊन मंगरूळच्या संगणक केंद्रात गेले. तिथल्या ताईंना म्हणाले, "ताई, इंटरनेटवरचं नाव धरून ठेवाचं हाय. दुसऱ्यानं नेऊ नये." ताईंनी इंग्रजी स्पेलिंग विचारलं. भाऊ म्हणाले, "दोन्ही घ्या. आपल्याकडचे चिच म्हणतेत, शहरातले चिंच. त्यांचा तो 'एन' घालूनही आन् न घालताही." मी हसलो. चार वाफ्यांच्या नर्सरीला दोन-दोन नावं. भाऊंकडे ईमेल नव्हता. ताईंनी पत्ता मागितला, तर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "दादाचा टाका. घरचेच हायत."

दुसऱ्या हंगामात माझं हसणं थांबलं. ताईंनी बनवून दिलेलं इंटरनेटवरचं पान पाहून यवतमाळ, अमरावती, कुठून कुठून गाड्या यायच्या. माझ्या कमानीपाशी वेग कमी व्हायचा, ड्रायव्हर पाटी वाचायचा आणि गाडी पुढे निघायची. नर्सरी आमच्या वडिलांची, हात आमच्या घरी घडलेला, आणि गिऱ्हाईक चिंचेच्या झाडाखाली. मी पाण्याचा पाइप हातात धरून धूळ खाली बसेपर्यंत उभा राहायचो.

मग माझ्या ईमेलवर सूचना आली, चिचमळ्याची दोन्ही नावं महिन्याभरात संपतील, नूतनीकरण करा. वाचली आणि फोन खिशात ठेवला. दुसरी आली, तिसरी आली. भाऊ रोज भेटत होते, डोळे बांधायचा धारदार चाकू मागायला येत होते. मी बोललो नाही. मुदत टळली तेव्हा तर मी ते नाव आपल्याला मिळतं का, तेही पाहिलं. अजून मोकळं झालेलं नव्हतं. माझा हेतू काय होता हे आज नीट सांगता येत नाही. सांगता आलं तरी चांगलं वाटणार नाही.

आठ दिवस भाऊंकडे गाडी आली नाही. मग ते आले. "दादा, आपलं पान उघडून नाही राह्यलं. ताई म्हणते, थोडे दिवस जुन्या मालकालेच नाव परत घेता येते, मंग कोनीबी नेते. खात्रीसाठी आकडा तुमच्या ईमेलवर येईन म्हणते. चालता?"

माझ्या मोटरसायकलवर आम्ही गेलो. ताईंच्या संगणकावर मी माझा ईमेल उघडला. आकडा आला होता, पण बाकीच्या ईमेलच्या गर्दीत दिसेना. ताईंनी नर्सरीचं नाव टाकून शोधलं, तर खाली तीन जुन्या ओळी निघाल्या. ताई म्हणाल्या, "दादा, सूचना तं आल्या होत्या ना. तिन्ही वाचलेल्या दिसून राह्यल्या."

भाऊ चष्मा पुसत म्हणाले, "ताई, तुमी आकडा पाहा. बाकीचं राहू द्या."

जास्तीचे पैसे भरून नाव परत मिळालं. परतताना ते माझ्या मागे बसले होते. चिंचेपाशी उतरल्यावर म्हणाले, "आता माह्या पोरीचा ईमेल देला हाय. तुमाले कायले तरास." आणि आत गेले. मी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे चाकू मागायला आले. मी काढून दिला.

गेल्या थंडीत भाऊ गेले. आता त्यांची मुलगी नर्सरी पाहते. रस्ता विचारायला लोक माझ्याकडे थांबत आलेच होते. परवा दिग्रसकडचा एक शेतकरी माझ्या कमानीखाली थांबला आणि म्हणाला, "दादा तुमीच काय?" त्यानं फोन पुढे केला. चिचमळ्याच्या पानावर पत्त्याखाली लिहिलं होतं: 'रस्ता सापडला नाही तर आधी मोठ्या कमानीची नर्सरी लागते. तिथं दादांना विचारा. ते आमच्या घरचेच आहेत.'

संध्याकाळी मी मुलीला विचारलं, हे कधी लिहिलं.

"नाव परत आलं ना काका, त्याच दिवशी. बाबानं बाजूले बसून लिहाले लावलं."

लोक अजूनही विचारायला थांबतात. माझ्या वाफ्यांकडे त्यांची नजरही जात नाही, आणि ते मला अजून झोंबतं. तरी मी पाइप खाली ठेवतो आणि चिंचेपर्यंत त्यांच्यासोबत चालत जातो.